पूर्वजांची कबर 'हमखास' शोधून देणाऱ्यांपासून सावध राहा

छोट्या, जुन्या दफनभूमीतल्या कबरी ओळखून देतो म्हणणाऱ्या एका माणसाने आमच्या कुटुंबाकडून आगाऊ पैसे घेतले आणि भलत्याच कबरीला आमच्या पणजोबांचं नाव लावलं. पैसे गेले त्याचं दुःख आहेच, पण त्याने दगडाची जी नासाडी केली ती भरून येणारी नाही. असा शोध तुम्ही घेत असाल तर हे जरूर वाचा.

पहिल्याच फोनवर त्याने पणजोबांचं नाव, मृत्यूचं साल, भावंडं असं सगळं विचारून घेतलं. मग पाणाड्यासारख्या दोन वाकवलेल्या तारा हातात धरून ओळींमधून फिरला. तारा एकमेकींवर आल्या की थांबायचा आणि खाली पुरुष आहे की बाई, वय काय, हे सांगायचा. काटेकोर चाचण्यांमध्ये अशा तारा निव्वळ अंदाजापेक्षा सरस ठरलेल्या नाहीत. शेवटी हातात रडारचा म्हणून एक रंगीत कागद दिला. जमिनीत लहरी सोडणारं रडार खरंच असतं, आणि माती पूर्वी कुठे उकरली होती याचा माग त्यातून लागू शकतो. चिकणमातीत तोही नीट लागत नाही. खाली कोण पुरलंय, हे मात्र कुठलंच यंत्र सांगू शकत नाही. त्या कागदावर नावासकट जे छापलं होतं, ती आमचीच माहिती होती.

सर्वांत वाईट पुढेच घडलं. अक्षरं उठून दिसावीत म्हणून त्याने संगमरवरी दगड आम्लाने धुतला. संगमरवर म्हणजे मुळात चुनखडी, आम्लाने ती विरघळते. उरलीसुरली पुसट अक्षरंही गेली. दफनभूमी सांभाळणाऱ्या संस्थेची नोंदवही पाहिली तेव्हा त्या ओळीत, त्या क्रमांकावर एका लहान मुलीची नोंद निघाली. एका नातेवाइकाकडच्या जुन्या फोटोतही तिच्याच नावाची सुरुवातीची अक्षरं दिसतात. उद्या तिच्या घरचं कुणी शोधत आलं तर त्यांना काय दिसणार?

म्हणून सुरुवात नोंदवहीपासून करा. शेजारच्या कबरींच्या तारखा पाहा, दफनाचा क्रम त्यातून उलगडतो. दगड कधी मृत्यूनंतर बऱ्याच वर्षांनी बसवतात, कधी हलवतात, आणि कित्येक कबरींवर तो कधीच नव्हता. पुसट अक्षरं वाचायला दगड घासावा लागत नाही: बाजूने तिरका उजेड पाडा, आरसा किंवा टॉर्च पुरते, आणि वेगवेगळ्या कोनांतून फोटो काढा. धूळ काढायची तर परवानगी घेऊन, साधं पाणी आणि मऊ ब्रश. तारेचा ब्रश, ब्लीच, खडू, पीठ यातलं काहीही नको. पापुद्रे सुटत असतील तर हातच लावू नका.

कुणाला काम द्यायचंच असेल तर आधी विचारा: ओळख कशावरून ठरवणार, कबर सापडली नाही तर काय, आणि दगडाला हात लावणार का? उत्तरं लेखी घ्या. जाणकार माणूस 'बहुधा' आणि 'नक्की' यांत फरक करतो. आमच्या माणसाच्या तोंडी सतत एकच शब्द होता, 'हमखास'. पैसे परत मागितल्यावर त्याने फोन उचलणं बंद केलं. आम्ही तक्रार केली आहे, आणि त्या मुलीचा जुना फोटो नोंदीसोबत जपून ठेवायला संस्थेकडे दिला आहे.