ब्लूटूथ, वायफाय का साधी वायर? लातूरच्या घरात बरेच महिने वाजवून बघितल्यावर

घरच्या जुन्या स्टिरिओवर गाणी कशानं वाजवायची ह्याचं ज्यांना नुसतं उत्तर पाहिजे त्यांच्यासाठी आधीच सांगतो, वायफायवरच वाजवा, पण आवाज लई भारी येतो म्हणून नाही, डोक्याचा ताप कमी होतो म्हणून. आवाजात फरक आहे, पण दुकानदार सांगतात तेवढा नाही.

सामान साधंच आहे. वडिलांच्या काळातला स्टिरिओ ॲम्प, मागं लाल-पांढऱ्या आरसीए पिना, दोन लाकडी स्पीकर. ह्याला ब्लूटूथ रिसीव्हर लावून बघितला, लॅपटॉपातून ऑक्सची (हेडफोनच्या भोकातली साधी) वायर टाकली आणि रास्पबेरी पाय नावाच्या छोट्या कॉम्प्युटरवर (पुढं नुसतं पाय म्हणतो) डॅकचं, म्हणजे डिजिटल गाण्याचा ॲम्पला चालणारा सिग्नल करणारं, बोर्ड बसवून वायफायवरनं पण वाजवलं.

ब्लूटूथबद्दल लोक उगाच नाकं मुरडतात. होतं काय की गाणं आधीच कॉम्प्रेस केलेलं असतं, फोन ते उघडतो आणि परत कॉम्प्रेस करून हवेतून पाठवतो. सीडीचा डेटा सेकंदाला १४११ किलोबिट, ब्लूटूथच्या साध्या एसबीसी कोडेकचा (कोडेक म्हणजे कॉम्प्रेस करायची पद्धत) चांगल्यात चांगला साधारण ३२८. हे कुठं ऐकू येतं? भीमसेन जोशींचं एखादं मैफिलीचं रेकॉर्डिंग लावा आणि गाणं सुरू व्हायच्या आधी नुसता तानपुरा चालू असतो तिथं कान द्या. वायरवर जवारी (तारेची ती झणझण) कशी उलगडत जाते, एकेक तार छेडल्यावर वरचे स्वर निघत राहतात, एसबीसीवर तेच जरा खरबरीत होतं आणि तारा एकमेकात मिसळल्यासारख्या वाटतात. तबल्याच्या चाटीची धार पण थोडी बोथट होते, डग्ग्याचा घुमारा मात्र होता तसाच. सिनेमाची गाणी, लावण्या, भजनं असलं काही लावलं तर मला तरी काही कळत नाही.

अँड्रॉइड ८ पासून फोनमधे एलडॅक हे जास्त डेटा पाठवणारं कोडेक पण येतंय, रिसीव्हरला चालत असेल तर डेव्हलपर ऑप्शनमधे जाऊन ९९० किलोबिटला लॉक करता येतं. पण फोन खिशात टाकून स्वयंपाकघरात गेलं की तुटायला लागतं, आणि ऑटोवर ठेवलं तर गुपचूप ६६० नाहीतर ३३० वर उतरतं.

भाच्याला वायरी बदलायला बसवलं आणि मी पाठ करून ऐकलं. करायच्या आधी सगळ्यांचा आवाज एकसारखा करून घेतला, हे लई महत्त्वाचं आहे कारण जे जरा मोठ्यानं वाजतं तेच आपल्याला चांगलं वाटतं, आणि आमचा ब्लूटूथ रिसीव्हर मुळातच जरा हळू वाजतो. एसबीसी बहुतेक वेळा ओळखू आलं, ते पण तानपुऱ्यामुळंच. एलडॅक कोणतं आणि वायफाय कोणतं हे काही सांगता आलं नाही, भाचा हसत होता.

आता खरी गंमत ऑक्सच्या वायरची. कागदावर हीच सगळ्यात भारी, कॉम्प्रेशन नाही, तुटणं नाही. पण लॅपटॉप चार्जिंगला लावला की स्पीकरमधून घूंऽऽ, चार्जरची पिन काढली की गप. कारण अर्थिंग. चार्जरमधला थोडासा गळका करंट जमिनीत जायच्या ऐवजी ऑडिओच्या वायरीतून ॲम्पकडं जातो. आमच्याकडं काळी माती, एप्रिल-मेमधे भेगा पडतात, अर्थिंगचा खड्डा कोरडा ठणठणीत होतो मग तो नावालाच राहतो. वायरमन म्हणला मीठ-कोळसा टाका आणि वरनं पाणी सोडत जा. २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेलं बघितलेल्या गावात खड्ड्यात बादली ओतायची म्हणलं तर आई काय बोलली असंल ते सांगायला नको. धुण्याचं पाणी वळवलं शेवटी, घूं बरीच कमी झाली. ही एक गोष्ट केली त्यानं जेवढा फरक पडला तेवढा कोणत्याच कोडेकनं पडला नाही बघा. ज्यांच्या ॲम्पला ऑप्टिकल इनपुट आहे त्यांना हा प्रश्नच नाही, उजेडातून करंट येत नाही.

वायफायचं सुख म्हणजे फोन नुसता रिमोट. स्पॉटिफाय कनेक्टवर पाय स्वतःच गाणं ओढतो, फोन आला तरी चालू, फोन बंद पडला तरी चालू. ब्लूटूथवर ऐन आलापात रिंगटोन हॉलभर वाजायची. त्रास लाइटचा आहे, गेली की पाय धाडकन बंद होतो आणि असं सारखं झालं की मेमरी कार्ड खराब होतं, म्हणून राउटर आणि पाय दोन्ही इन्व्हर्टरवर घ्या. नेट गेलं तर पेनड्राइव्हवर फ्लॅक (आवाजातलं काही न गाळता साठवलेल्या) फाइली टाकून ठेवल्यात, त्या तशाच वाजतात.

आयफोनवाल्यांनी एलडॅकच्या नादी लागू नका, त्यात ते नाहीच, एसबीसी आणि एएसी एवढंच. पायला एअरप्ले (ॲपलची वायफायवरनं गाणी पाठवायची सोय) चालतं, ते वापरा. आणि ज्यांच्याकडं नुसती गाणी-भजनं चालतात त्यांनी साधा रिसीव्हर घ्यावा आणि उरलेले पैसे स्पीकरमधे घालावेत.