फी चेकने घ्यावी की क्यूआरवर?

कर्वेनगरच्या एका शाळेतल्या बाईंनी विचारलं, "जूनपासून चेक बंद करून क्यूआरच लावू का?" शाळांचे हिशेब लिहितो मी, तरी अडखळलोच.

खर्चात क्यूआर सरस. बँक खात्यातून केलेल्या यूपीआयला व्यापारी शुल्क, म्हणजे पैसे घेणाऱ्याकडून कापली जाणारी रक्कम, शून्य. चेक परत आला की दंड, वर पालकांना फोन. मेहनतीत मात्र उलटं. चेकच्या मागे 'सहावी ब' लिहिलेलं असतं, क्यूआरचे पैसे आले की बँकेच्या स्टेटमेंटमध्ये नुसतं पैसे भरणाऱ्या काकाचं नाव. फी कोणत्या पोराची, शोधत बसा! मर्यादा? मान्य शिक्षणसंस्थांना यूपीआयवर ५ लाखांपर्यंत देता येतात. चेक ३ महिन्यांत शिळा, मग बँक तो वटवत नाही.

पट मोठा असेल तर प्रत्येक मुलाचा वेगळा क्यूआर घ्या. शाळा छोटी, क्लार्क एकच? चेक राहू द्या.