डिझास्टर की कॅटॅस्ट्रॉफी?

शब्दकोशात दोन्हींपुढे 'आपत्ती, अरिष्ट' असंच सापडेल. मुळं मात्र वेगळी.

डिझास्टर इटालियनमधून फ्रेंचमार्गे सोळाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजीत आला. 'डिस' म्हणजे वाईट, 'आस्त्रो' म्हणजे तारा. म्हणजे आपलं 'ग्रह फिरले' हेच! ॲस्ट्रॉनॉमीतला तारा तो हाच. दोष आभाळाचा, माणूस बिचारा.

कॅटॅस्ट्रॉफी ग्रीक. 'काता' म्हणजे खाली, 'स्त्रेफेइन' म्हणजे वळणं, एकूण उलथापालथ. मुळात तो नाटकाचा शब्द, गुंता सुटून शेवट होतो ती कलाटणी. ती सुखाचीही असू शकते. शेक्सपिअरच्या 'किंग लिअर' नाटकात एडमंड हे पात्र एकाच स्वगतात दोन्ही शब्द वापरतो: आपल्या डिझास्टरांचं खापर सूर्य-चंद्र-ताऱ्यांवर फोडणाऱ्यांना हसतो, आणि भाऊ येताना दिसताच म्हणतो, आला बघा, जुन्या सुखात्मिकेतल्या कॅटॅस्ट्रॉफीसारखा अगदी वेळेवर. अचानक कोसळलेलं संकट हा अर्थ अठराव्या शतकात रुळला.

आज कॅटॅस्ट्रॉफी जास्त जड. फसलेल्या पार्टीलाही लोक डिझास्टर म्हणतात. सरकारी आपत्ती व्यवस्थापनातही तोच शब्द. मला तरी ताऱ्यांवाला अधिक आवडतो.