अ‍ॅडव्हेंट रीथचा सेट: मेणबत्त्या ओके, बाकीचं काम आपलं

अ‍ॅडव्हेंट म्हणजे नाताळच्या आधीचे चार रविवार, आणि रीथ म्हणजे त्यासाठी मेणबत्त्या लावायचं गोल कडं. वसईत चर्चजवळच्या एका धार्मिक वस्तूंच्या दुकानातून सेट घेतला. प्लास्टिकची हिरवी रिंग, तीन जांभळ्या आणि एक गुलाबी मेणबत्ती. गुलाबीचा रंग जरा जास्तच भडक आहे, बर्थडे केकवरची वाटते, आणि होल्डर सैल असल्यामुळे मेणबत्ती वाकडी उभी राहते, खाली थोडं मेण वितळवून चिकटवली की बसते. पडद्यापासून लांब ठेवा, रिंग प्लास्टिकची आहे.

पण घ्याच असं सांगेन, कारण आमच्याकडे डिसेंबर म्हणजे करंज्या, येशूजन्माचा गोठा, स्टार, कपडे, आणि देव डायरेक्ट २४च्या रात्री चर्चमधल्या मिस्साला. आता दर रविवारी संध्याकाळी एक मेणबत्ती वाढवायची, बायबलमधला यशया संदेष्ट्याचा उतारा वाचायचा, मोबाईल दुसऱ्या खोलीत. पोरं आधी फक्त काडी कोण ओढणार म्हणून भांडतात, भांडू देत, बसतात तरी.

दुसऱ्या रविवारी वाचनात बाप्तिस्मा करणारा योहान येतो, वाट सरळ करा म्हणणारा, तेव्हा मला बोलणं बंद असलेल्या जावेला फोन करावाच लागला, नुसती प्रार्थना म्हणून सुटका नाही. कन्फेशन, म्हणजे फादरकडे पापांची कबुली, हेही तिसऱ्या, म्हणजे गुलाबीवाल्या रविवारच्या आसपास उरकून घ्या, शेवटच्या आठवड्यात लाईन बघून परत फिराल. ही पद्धत मूळची जर्मनीतली, १८३९ची, हॅम्बुर्गच्या विखर्न नावाच्या प्रोटेस्टंट पाळकाची, म्हणून कॅथलिक-प्रोटेस्टंट वाद नको, कोणीही लावा.

पाचात साडेतीन. अर्धा स्टार होल्डरचा कापला, एक त्या गुलाबीचा.