व्हे की क्रिएटिन: आधी कोणता डबा?

ठाण्यात उपवनला सकाळी पळायला येणारी पोरं जिम लावली की हेच विचारतात. दोन्ही परवडत नाहीत, मग आधी काय? शाकाहारी असाल आणि घरचं जेवण नीट असेल, तर मी क्रिएटिन म्हणेन.

व्हे म्हणजे चीज करताना उरणाऱ्या निवळीची पूड. एका मापात 20 ते 25 ग्रॅम प्रथिनं. सोयीचं आहे, पण शेवटी अन्नच. 50 ग्रॅम सोया वडीतही जवळपास 25 ग्रॅम मिळतात.

क्रिएटिनचं तसं नाही; ते स्नायूंत साठून राहणारं एक संयुग आहे. शेव्रल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने 1832 मध्ये ते मांसात शोधलं. डाळ-भातातून ते मिळत नाही. शाकाहारी माणसाच्या स्नायूंत त्याचा साठा मुळातच कमी असतो. जोर लावतानाच्या काही सेकंदांत ते खर्च झालेली ऊर्जा झटकन भरून देतं. त्यामुळे वजन उचलताना, छोट्या स्प्रिंटमध्ये फरक जाणवतो; येऊरच्या चढावर तासभर पळणाऱ्याला फारसा नाही. रोज 3 ते 5 ग्रॅम क्रिएटिन मोनोहायड्रेट, म्हणजे त्याचा साधा प्रकार, पुरतं, महागड्या प्रकारांत पैसे घालू नका.

एक मात्र कळकळीने सांगतो: रक्ततपासणीत क्रिएटिनिन (क्रिएटिनपासून शरीरात बनणारा टाकाऊ पदार्थ, ज्यावरून मूत्रपिंडाचं काम तपासतात) थोडं वाढलेलं दिसू शकतं, म्हणून डॉक्टरांना आधीच कल्पना द्या. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर त्यांना विचारल्याशिवाय दोन्हींपैकी कोणताही डबा उघडू नका.