केस विंचरणारी बाई : आठ महिन्यांनंतर

जपानी चित्रकार हाशिगुची गोयोच्या 'कामिसुकी' (म्हणजे केस विंचरणं) या लाकडी ठोकळ्यांवरून छापलेल्या चित्राची हातछपाईची प्रत घेऊन आठ महिने झाले. मूळ चित्र १९२० चं. पुढच्याच वर्षी गोयो गेला, जेमतेम चाळिशीत. माझी प्रत नव्याने कोरलेल्या ठोकळ्यांवरून काढलेली. तरीही बऱ्या मोबाइलइतके पैसे गेले, वर कस्टमचा भुर्दंड.

चित्रात काय? एक बाई लांब मोकळे केस विंचरतेय. एवढंच. पण कपाळाशी केस सुरू होतात ती जागा भिंगातून बघा. लाकडात रेघ ठेवायची म्हणजे तिच्या दोन्ही बाजूंचं लाकूड काढून टाकायचं. प्रत्येक केस हा असा दोन कापांमधून वाचलेला. या कामाला तिकडे 'केवारी' म्हणतात, आणि ते मुरलेल्या हाताकडेच जातं. कागद उलटा केला तर घासून छापल्याच्या खुणाही दिसतात. आई मात्र फक्त पिवळ्या फणीकडे बघून म्हणाली, "ही कसली फणी, हा तर कंगवा. उवा नाही निघायच्या याने."

पार्श्वभूमीला अभ्रकाची पूड आहे. समोरून करडी, मुकी. बाजूने उजेड आला की चांदीसारखी उजळते. फोटोत हे अजिबात येत नाही, त्यामुळे पाकीट उघडलं त्या दिवशी मी हिरमुसलेच होते. संध्याकाळी खिडकीशी नेलं तेव्हा कळलं की पैसे कशाचे दिलेत.

आता गाढवपणा. फ्रेमवाल्याने माउंट, म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट, न घालता कागद थेट काचेला टेकवला आणि मीही काही बोलले नाही. जुलैत पुण्याच्या दमट हवेने कागद फुगला, वरच्या कोपऱ्यातलं अभ्रक काचेला चिकटलं. सोडवताना नखाएवढा टवका उडाला. शिवाय काचेत अर्धा वेळ ट्यूबलाइटच दिसायची. फ्रेम करायचीच असेल तर आम्लविरहित माउंट मागा, काच आणि कागदात फट ठेवा, आणि उन्हाची भिंत टाळा.

मी फ्रेमच काढून टाकली. आता चित्र कपाटात, फोल्डरमध्ये सपाट पडून असतं. तसंही ही चित्रं हातात घेऊन बघायचीच होती; भिंतीचा हट्ट आपला. छपाईला पाचपैकी पाच, विक्रेत्याच्या फोटोंना दोन.

रविवारी नाहून झालं की केस पुसता पुसता आई विचारते, "काढतेस का गं तिला?"