‘आर्गस २’ आणि ‘प्रिमा’: डोळ्याच्या पडद्यावर बसवायच्या दोन उपकरणांचे परीक्षण

आमच्या दादांना विशीतच संध्याकाळनंतर दिसेनासे होऊ लागले होते आणि पंचेचाळिशीत त्यांना सांगलीच्या मार्केट यार्डातील हळदीच्या सौद्यांना उभे राहणे सोडावे लागले. आजही हळकुंड मोडताना होणाऱ्या आवाजावरून माल किती वाळला आहे हे ते अचूक सांगतात. परंतु समोर कोण उभे आहे हे त्यांना आवाज ऐकल्याशिवाय कळत नाही. गेल्या वर्षी एका मोठ्या शहरातील एका सल्ला केंद्राने दूरध्वनीवरून ‘इलेक्ट्रॉनिक डोळा बसवून देतो’ असे सांगून आगाऊ रक्कम मागितली, तेव्हा वहिनींनी माझ्यासमोर बँकेचे पासबुक ठेवून विचारले, “भाऊजी, तुम्ही हेच शिकवता ना? हे खरं आहे का, तेवढं सांगा.” मी अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो. त्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात माझे सात-आठ महिने गेले. पुढील परीक्षण त्यातूनच तयार झाले असून ते वहिनींसारख्याच प्रश्नासमोर बसलेल्या घरांसाठी लिहिले आहे. यांपैकी कोणतेही उपकरण आमच्या घरात कोणाच्याही डोळ्यात बसवलेले नाही, हे आधीच नमूद करतो. मी परीक्षण करतो आहे ते त्यांच्या रचनेचे, प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांचे आणि त्यांच्यामागे उभ्या असलेल्या व्यवस्थेचे.

दादांचा आजार रेटिनायटिस पिगमेंटोसा हा आहे. आपल्याकडे त्याला ‘पडदा सुकला’ किंवा ‘नस सुकली’ असे सरसकट म्हटले जाते. परंतु या दोन गोष्टींतला फरक समजल्याशिवाय उपकरणाचा विचारच करता येत नाही. या आजारात पडद्यावरील प्रकाश टिपणाऱ्या पेशी मरतात. आधी अंधुक उजेडात काम करणाऱ्या दंडपेशी जातात, म्हणून रातांधळेपणा येतो. मग नजर कडेकडून आक्रसत नळीतून पाहिल्यासारखी होते आणि शेवटी मधली नजरही जाते. मात्र त्या पेशींच्या पुढची, संदेश मेंदूकडे नेणाऱ्या पेशींची फळी पुष्कळ अंशी शिल्लक राहते. पडद्यावर बसवायच्या इम्प्लांटचा सारा डाव या शिल्लक फळीवर आहे. काचबिंदूने नस गेलेल्या माणसाला असे इम्प्लांट उपयोगी पडत नाही, कारण संदेश वाहून नेणारी वाटच तेथे उरलेली नसते. नेत्रदानातून मिळणारे बुबुळही दादांना उपयोगाचे नाही, कारण ते डोळ्याच्या पुढच्या काचेचे काम करते. आमच्या भागात मामे-आतेभावंडांची लग्ने पिढ्यान्‌पिढ्या होत आली आहेत. आमचे आईवडीलही तसेच होते. हा आजार अनेकदा दोन्ही बाजूंनी सदोष जनुक आल्याने होतो, ही गोष्ट आमच्या घरात फार उशिरा कोणीतरी समजावून सांगितली.

आता पहिल्या उपकरणाकडे वळतो. ‘आर्गस २’ अमेरिकेतील ‘सेकंड साइट’ या कंपनीने बनवले आणि त्यामागे मार्क हुमायून यांच्यासारख्या नेत्रतज्ज्ञांचे दीर्घ संशोधन होते. युरोपात २०११ मध्ये आणि अमेरिकेत फेब्रुवारी २०१३ मध्ये त्याला परवानगी मिळाली. चष्म्यावरचा छोटा कॅमेरा दृश्य टिपतो, कमरेला लावलेला प्रोसेसर त्याचे अगदी ढोबळ चित्रात रूपांतर करतो, ते चित्र बिनतारी पद्धतीने डोळ्यावर बसवलेल्या भागाकडे जाते आणि पडद्याच्या आतल्या पृष्ठभागावर टाचलेल्या ६० इलेक्ट्रोडमधून, म्हणजे वीज देणाऱ्या धातूच्या सूक्ष्म चकत्यांमधून, विजेचे सूक्ष्म स्पंद पेशींना दिले जातात. त्या स्पंदामुळे माणसाला प्रकाशाचा ठिपका ‘दिसतो’. सहा ओळी आणि दहा स्तंभ, एवढेच त्याचे जग. अमेरिकेतील त्याची किंमत सुमारे दीड लाख डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दराने ऐंशी लाख रुपयांच्या घरात होती.

६० ठिपके म्हणजे नेमके काय, हे कागदावरून कळेना. म्हणून मी विद्यार्थ्यांच्या मदतीने फोनवर एक छोटा प्रोग्रॅम तयार केला, जो कॅमेऱ्यातले दृश्य सहा बाय दहाच्या करड्या ठिपक्यांत दाखवतो. तो फोन पुठ्ठ्याच्या डबीत बसवून डोळ्यांवर बांधला आणि दिसणारे क्षेत्र सुमारे वीस अंशांपुरते ठेवले. हात लांब करून धरलेल्या दोन मुठी शेजारी शेजारी ठेवल्या तर जेवढे क्षेत्र झाकले जाते, तेवढेच. पुतण्याचा हात धरून मी घरात फिरलो आणि मग विश्रामबागेतल्या आमच्या गल्लीतून निघून दुसऱ्या दिवशी कृष्णेच्या घाटापर्यंत गेलो. खिडकी ओळखता आली. उघडे दार आणि बंद दार यांतला फरक कळला. काळ्या टेबलावर ठेवलेले स्टीलचे ताट कोठे आहे हे डोके सावकाश फिरवल्यावर समजले. वहिनी समोर येऊन उभ्या राहिल्या तेव्हा काहीतरी पुढे आले एवढेच कळले, त्या वहिनी आहेत हे कळले नाही. घाटावर मात्र मी पहिल्याच पायरीशी थांबलो, कारण एकाच रंगाच्या दगडी पायऱ्यांची कड त्या ठिपक्यांत उमटतच नव्हती.

माझा हा प्रयोग खऱ्या उपकरणापेक्षा पुष्कळ सौम्य होता, हे येथे सांगितले पाहिजे. फोनच्या पडद्यावर ठिपका गोल आणि वेगळा दिसतो; डोळ्याच्या पडद्यावरच्या इलेक्ट्रोडचा स्पंद मात्र आजूबाजूला पसरतो. ‘आर्गस २’चा एकेक इलेक्ट्रोड २०० मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) रुंद आहे आणि तेवढ्या जागेत अनेक पेशी असतात. शिवाय तो पडद्याच्या आतल्या बाजूला बसत असल्यामुळे जवळून जाणारे मज्जातंतूही उद्दीपित होतात आणि ठिपक्याऐवजी लांबट रेघ दिसते. दुसरी अडचण अधिक खोल आहे. कॅमेरा चष्म्यावर असल्यामुळे डोळा फिरवून काहीच नवीन दिसत नाही, डोकेच फिरवावे लागते. आणि डोळा अनवधानाने वळला तर मेंदूला तो ठिपका भलत्याच दिशेला असल्यासारखा वाटतो. समोरच्या ताटाकडे हात नेला आणि हात ताटाच्या बाजूला पडला, असे त्यामुळे होऊ शकते. चाचण्यांत या उपकरणाने मिळालेली सर्वोत्तम दृष्टी २०/१२६० इतकी नोंदली गेली. निरोगी डोळ्याला जे १२६० फुटांवरून ओळखता येते, ते ओळखण्यासाठी या माणसाला २० फुटांवर यावे लागते.

एवढे असूनही अभियांत्रिकीचे काम म्हणून मला ‘आर्गस २’बद्दल आदर वाटतो. खाऱ्या पाण्यात इलेक्ट्रॉनिक सर्किट वर्षानुवर्षे बुडवून ठेवून चालवायचे, तेही डोळ्यासारख्या हलत्या गोळ्यात आणि पेशींना गरम होऊ न देता, हे किती अवघड आहे हे मी वर्गात शिकवताना दरवेळी नव्याने जाणवते. प्रत्येक स्पंदामागोमाग तितक्याच विद्युतभाराचा उलट स्पंद द्यावाच लागतो, अन्यथा धातू झिजतो आणि भोवतालच्या पेशींना इजा होते. आमचे विद्यार्थी हा नियम परीक्षेपुरता लिहितात. ज्यांच्या डोळ्यात हे यंत्र बसले त्यांच्यासाठी तोच नियम रोजच्या सुरक्षिततेचा प्रश्न होता.

माझी मुख्य तक्रार मात्र ठिपक्यांच्या संख्येबद्दल नाही. जगभरात ३५० हून अधिक लोकांनी हे उपकरण बसवून घेतले. कंपनीने २०१९ मध्ये त्याचे उत्पादन थांबवले आणि २०२० मध्ये बहुतेक कर्मचाऱ्यांना कमी केले. शस्त्रक्रियेने डोळ्यात बसवलेले यंत्र जागेवरच राहिले. सुटे भाग, दुरुस्ती, सुधारणा आणि फोन उचलणारी माणसे नाहीशी झाली. कमरेचा प्रोसेसर बिघडला तर दुसरा कोठून आणायचा, एमआरआय काढायची वेळ आली तर आत नेमके काय आहे हे डॉक्टरांना कोणी सांगायचे, असे प्रश्न त्या माणसांपुढे उभे राहिले. न्यूयॉर्कमध्ये एका महिलेचे यंत्र भुयारी रेल्वेस्थानकातच काही बीप देऊन बंद पडले आणि जी अर्धीमुर्धी दृष्टी तिला सवयीची झाली होती ती क्षणात गेली. ही घटना तर कंपनी चालू असतानाची, २०१३ मधली आहे. मी हे सारे दादांना वाचून दाखवले तेव्हा ते बराच वेळ गप्प होते आणि मग म्हणाले, “अरे, अडतीच्या धंद्यात दुकान बंद पडलं तर माल परत तरी आणता येतो. हे डोळ्यातलं कुठं परत करायचं?” वर्षानुवर्षे व्यापार केलेल्या माणसाने पहिल्याच दमात नेमक्या जागी बोट ठेवले, असे मला वाटते.

जर्मनीतील एबरहार्ट झ्रेनर यांच्या संशोधनातून आलेल्या ‘अल्फा’ या इम्प्लांटची दखल थोडक्यात घेतो. त्यात १५०० प्रकाशसंवेदी घटक थेट पडद्याखाली होते, त्यामुळे कॅमेरा लागत नसे आणि डोळा फिरवला की दृश्यही नैसर्गिकपणे फिरत असे. रचना म्हणून ही कल्पना मला ‘आर्गस’पेक्षा सरस वाटते. परंतु विजेसाठी कानामागून त्वचेखालून डोळ्यापर्यंत तार न्यावी लागे, पहिल्या आवृत्तीच्या बऱ्याच चिपा लवकर निकामी झाल्या आणि ते बनवणारी कंपनीही २०१९ मध्ये बंद झाली.

दुसरे मोठे उपकरण ‘प्रिमा’. त्याची मूळ कल्पना स्टॅनफर्ड विद्यापीठातील भौतिकशास्त्रज्ञ डॅनियल पॅलंकर यांची. फ्रान्समधील ‘पिक्सियम व्हिजन’ने ते विकसित केले आणि ती कंपनी आर्थिक अडचणीत आल्यावर २०२४ मध्ये अमेरिकेतील ‘सायन्स कॉर्पोरेशन’ने ते विकत घेतले. दोन मिलिमीटर लांब, तितकीच रुंद आणि ३० मायक्रॉन जाडीची ही चिप म्हणजे छतावरच्या सौर पॅनेलचे अतिसूक्ष्म भावंड आहे. तिच्यावर ३७८ पिक्सेल आहेत आणि प्रत्येक पिक्सेल स्वतःवर पडलेल्या प्रकाशातूनच लागणारी वीज तयार करतो. चष्म्यातला कॅमेरा दृश्य टिपतो आणि चष्माच ते डोळ्याला न दिसणाऱ्या अवरक्त किरणांनी चिपवर टाकतो. डोळ्यात तार नाही, बॅटरी नाही, डोळ्याच्या भिंतीतून बाहेर आलेला काहीही भाग नाही. अवरक्त किरण उरलेल्या निरोगी पेशींना दिसत नसल्यामुळे कडेची नैसर्गिक नजर आणि मधली कृत्रिम नजर एकाच वेळी वापरता येतात. ही रचना समजली त्या रात्री मी दादांच्या खोलीत जाऊन त्यांच्या तळहातावर बोटाने चिपचा चौकोन काढून दाखवला होता.

निष्कर्षही बोलके आहेत. उतारवयात पडद्याचा मधला भाग झिजून वाचन गेलेल्या ३८ जणांना युरोपातील पाच देशांत ही चिप बसवण्यात आली आणि त्याचे निष्कर्ष ऑक्टोबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. वर्षभरानंतर तपासता आलेल्या ३२ जणांपैकी २६ जणांच्या दृष्टीत अर्थपूर्ण सुधारणा होती आणि बहुतेकांनी घरी अंक किंवा शब्द वाचण्यासाठी ते वापरल्याचे सांगितले. ज्याला अक्षर गेले होते त्याला अक्षर परत मिळणे ही लहान गोष्ट नाही. वर्तमानपत्राचा मथळा वाचता यावा म्हणून तासभर भिंग हलवत बसलेली वृद्ध माणसे मी आमच्याच आळीत पाहिली आहेत. तथापि हे वाचन सावकाश होते, दृश्य चष्म्याने पुष्कळ मोठे करून घ्यावे लागते, दिसते ते काळेपांढरे असते आणि ते वापरायला शिकण्यासाठी महिनोन्‌महिने सराव करावा लागतो. १९ जणांना मिळून २६ गंभीर दुष्परिणाम झाले. त्यांतले बहुसंख्य शस्त्रक्रियेनंतरच्या दोन महिन्यांतले होते आणि पुढे बरे झाले, हे खरे. पण सत्तरी ओलांडलेल्या माणसाला डोळ्याच्या शस्त्रक्रियेला बसवताना घरच्यांनी हा आकडा वाचलेला असावा.

रचनेच्या दृष्टीने मी ‘प्रिमा’ला स्पष्टपणे पुढे ठेवतो. त्यात डोळ्याच्या आतला भाग साधा आहे आणि गुंतागुंतीचे काम चष्म्यात आहे. चष्मा बदलता येतो, सुधारता येतो आणि बिघडला तर काढून ठेवता येतो. ‘आर्गस’च्या माणसांवर जे ओढवले त्यावरचा हा अर्धा तरी इलाज आहे. उरलेला अर्धा कागदावर मागावा लागेल. सुटे भाग किती वर्षे मिळतील, कंपनी बुडाली तर तांत्रिक माहिती कोणाकडे जाईल आणि चिप काढण्याची वेळ आली तर खर्च कोण करेल, ही तीन उत्तरे लेखी मिळाल्याशिवाय कोणत्याही कुटुंबाने सही करू नये.

वहिनींच्या प्रश्नाचे उत्तर मी असे दिले. ‘आर्गस २’ आता कोणीही बनवत नाही, म्हणून त्याच्या नावाने कोणी पैसे मागत असेल तर ते देऊ नयेत. ‘प्रिमा’ची ही चाचणी उतारवयातल्या झिजेसाठी झाली आहे, दादांचा आजार वेगळा आहे आणि त्यांच्यासाठी तिचे निष्कर्ष तसेच्या तसे धरता येत नाहीत. मिरजेतल्या पडद्याच्या डॉक्टरांनीही हेच सांगितले आणि ओसीटीच्या, म्हणजे पडद्याचे थर दाखवणाऱ्या तपासणीच्या, छायाचित्रात पडद्याचे आतले थर अद्याप कितपत शिल्लक आहेत हे मला रेघेवर बोट ठेवून दाखवले. त्यांनीच जनुकीय तपासणी सुचवली, कारण आरपीई६५ या जनुकातील दोषावर २०१७ पासून अमेरिकेत जनुकोपचार मान्य आहे आणि दोष कोणता हे कळल्याशिवाय अशा कोणत्याही उपचाराचा विचार करता येत नाही. दादांच्या आणि पुतण्याच्या रक्ताचे नमुने मागच्या आठवड्यात गेले आहेत. बँकेचे पासबुक वहिनींनी पुन्हा कपाटात ठेवले असून ओसीटीची प्रत त्याच पिशवीत आहे.